मूळ रूपाचा आग्रह आणि गॅरेजमधला इतिहास

#थ्रेड #इतिहास #मोटारगाड्या

१/ जुनी मोटारगाडी ‘ऐतिहासिक’ केव्हा ठरते? भारतीय नियमांचे उत्तर थोडक्यात असे: तिला ५० वर्षे उलटून गेली पाहिजेत आणि ती मूळ रूपात राहिली पाहिजे. वेगवान गाड्यांचा इतिहास मात्र कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही. त्याचा मोठा भाग गॅरेजमध्ये घडला. तो भाग नियमातून का निसटतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ आरंभ गडापासून करू. शिलाहार राजा भोज याच्या काळचा पन्हाळा. त्यावर आदिलशाहीत तीन दरवाजा उभा राहिला, पुढे महाराणी ताराबाईंच्या काळात तो करवीर राज्याचे केंद्र बनला. ‘मूळ पन्हाळा’ दिसावा म्हणून तीन दरवाजा पाडा, असे कोणताही इतिहासप्रेमी म्हणणार नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही हेच तत्त्व मांडले आहे: प्रत्येक काळाने वास्तूत घातलेल्या मोलाच्या भरीचा आदर राखावा, एकसंध शैली हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. वास्तूंना लागू होणारा हा विवेक यंत्रांना का नसावा?

३/ आता १९३२ च्या अमेरिकेत जाऊ. महामंदी ऐन भरात असताना फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरचे ‘व्ही-८’ इंजिन सामान्य ग्राहकाच्या गाडीत बसवले. क्षमता सुमारे ३.६ लिटर, शक्ती ६५ अश्वशक्ती. तोवर असे इंजिन प्रामुख्याने श्रीमंतांच्या गाड्यांत असे. काही वर्षांत याच गाड्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात आल्या आणि विशीतल्या मुलांच्या खिशाला परवडू लागल्या. ‘हॉट रॉड’ या प्रकाराला खरे बळ येथून मिळाले.

४/ दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण या गाड्यांचे मडगार्ड आणि बॉनेट काढून वजन घटवत, एकाच्या जागी दोन-तीन कार्बुरेटर बसवत, सिलिंडर हेड घासून इंजिनातला दाब वाढवत. मग म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवराच्या सपाट, कडक तळावर गाडी पळवून वेग मोजला जाई. १९३७ मध्ये निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. गाड्यांचे वर्ग ठरले, नियम ठरले, वेगाच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या.

५/ दुसऱ्या महायुद्धात म्युरॉकचा तळ लष्कराकडे गेला. आजचा एडवर्ड्स हवाई तळ तो हाच. युद्धावरून परतलेले अनेक तरुण विमानांची इंजिने, धातुकाम, जोडकाम शिकून आले होते. १९४६ मध्ये बिल बर्क याने लढाऊ विमानाला जोडली जाणारी जादा इंधनाची टाकी घेऊन तिचेच गाडीचे अंग बनवले. युद्धाचे भंगार वेगाच्या प्रयोगाचे साहित्य झाले.

६/ स्टुअर्ट हिलबॉर्न हा असाच कोरड्या सरोवरांवर गाडी पळवणारा. त्याने विकसित केलेली इंधन-इंजेक्शन प्रणाली पुढे इंडियानापोलिसच्या शर्यतीत पोहोचली. विक एडलब्रॉक याने स्वतःच्या गाडीसाठी केलेल्या सुधारणांतून सुट्या भागांचा मोठा उद्योग उभा राहिला. या माणसांच्या गाड्या कोणी ‘मूळ रूपात’ परत नेल्या, तर त्यांच्यातील इतिहास नेमका पुसला जाईल.

७/ या कथेला काळी बाजूही होती. सगळेच सरोवरापर्यंत जात नसत. शहरांच्या रस्त्यांवर रात्री शर्यती लागत, अपघात होत, माणसे मरत. वर्तमानपत्रांत ‘हॉट रॉड’ हा शब्द गुंडगिरीच्या अर्थाने येऊ लागला. समाजासमोर दोन वाटा होत्या: गाड्या जप्त करत राहणे, किंवा या वेडाला दुसरी जागा देणे.

८/ जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरीत या गाड्यांचे प्रदर्शन भरले. त्याच महिन्यात रॉबर्ट पीटरसनच्या ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. ज्यांनी या गाड्यांचा केवळ आवाज ऐकला होता, त्यांना त्यांतील कारागिरी जवळून पाहता आली. गाड्यांच्या प्रदर्शनाचे हे कार्य आज विसरले जाते. प्रदर्शन हा मिरवण्याचा सोहळा खराच, पण तो समाजापुढे दिलेला हिशेबही असतो: बघा, आम्ही काय केले आणि कसे केले.

९/ १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स याने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापली. १९५३ मध्ये तिची पहिली अधिकृत शर्यत पोमोनाच्या जत्रा-मैदानाच्या वाहनतळावर झाली. पोमोना पोलिसांत काम केलेला बड कून्स पुढे तिच्या फिरत्या पथकात सामील झाला. या पथकाने गावोगावी जाऊन सुरक्षित शर्यत कशी भरवावी हे शिकवले. कालपर्यंत पाठलाग करणारे खाते आणि पळणारी पोरे एका मैदानावर आली.

१०/ युरोपातही युद्धकाळातील धावपट्ट्या उपयोगी पडल्या. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड हे ट्रॅक युद्धातील विमानतळांवर उभे राहिले. दोन्हीकडे १९४८ मध्ये शर्यती झाल्या. जर्मनीचा न्यूरबर्गरिंग तर १९२७ पासून ठरलेल्या वेळी पैसे भरून सामान्य चालकालाही वापरता येतो. आजच्या ‘ट्रॅक डे’ची कल्पना याच जातीची. त्यात क्रमांक नसतो, बक्षीस नसते. बंद मार्ग, हेल्मेट, गाडीची तपासणी, झेंडे दाखवणारे स्वयंसेवक, तयार रुग्णवाहिका आणि समोरून कोणीही येणार नाही याची खात्री असते.

११/ प्रतिष्ठेच्या दालनात प्रवेश मिळायला मात्र वेळ लागला. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून अतिशय नामांकित जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरते. तेथे हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग १९९७ मध्ये झाला. त्या वर्षी डोन स्पेन्सर याने घडवलेली १९३२ ची फोर्ड पहिली आली. तिचा जीर्णोद्धार करणाऱ्यांनी तिला फोर्डच्या कारखान्यातील रूपात नेले नाही. स्पेन्सरने घडवलेल्या रूपात ती उभी केली. ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी रुंदावला.

१२/ आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, ऐतिहासिक शर्यतींसाठी गाडीला ‘तांत्रिक पासपोर्ट’ देतो. गाडीची रचना तिच्या काळाशी सुसंगत आहे का, हे त्यात तपासले जाते. १९६५ ची गाडी १९६५ च्या शर्यतीत ज्या सुधारणांसह धावली असेल, त्या सुधारणांसह ती ऐतिहासिकच ठरते. थोडक्यात, बदल झाला का, हा तेथे अंतिम प्रश्न नसतो. बदल कधीचा आहे आणि त्याला पुरावा काय, हे विचारले जाते. हा शुद्ध इतिहासकाराचा प्रश्न आहे.

१३/ आता भारताकडे. चेन्नईजवळच्या शोलावरम येथे महायुद्धातील धावपट्टी होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे अनेक दशके शर्यती भरवल्या. धनिक स्पर्धक परदेशी गाड्या आणत. इतरांच्या हाती रोजच्या वापरातल्या स्टँडर्ड हेराल्ड, फियाट, अँबेसेडर. १९९० मध्ये चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टई येथे कायमस्वरूपी ट्रॅक सुरू झाला. भारतीय ट्रॅकचा इतिहासही असा धावपट्टीवरूनच सुरू होतो.

१४/ तो परवाना राजचा काळ होता. बाजारात मोजकीच मॉडेल्स, आयातीवर कडक बंधने. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, पुढची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी आणि ४० अश्वशक्तीच्या आसपासच राहिली. वेग हवा असेल तर तो मेकॅनिकच्या हातून घडवून घ्यावा लागे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी तर मारुती ८०० चे इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकआसनी शर्यतीची गाडी बनवली आणि त्या गाडीतून नव्या पिढीचे चालक तयार झाले. तुटवड्यातून उभ्या राहिलेल्या तंत्रज्ञानाचा हा अस्सल भारतीय अध्याय आहे.

१५/ कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीचा तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. सार्वजनिक रस्त्यासाठी हा नियम योग्यच आहे. ब्रेक तेच ठेवून इंजिनाची शक्ती दुप्पट केलेली गाडी शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर असणे कोणालाही मान्य होणार नाही. ठरावीक बदलांना, उदाहरणार्थ मान्यताप्राप्त सीएनजी किटला, कायदा परवानगीही देतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी अशाच बदलांसह वर्षानुवर्षे धावल्या.

१६/ अडचण दुसऱ्या नियमात आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम अधिसूचित केले. ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये. प्रदर्शन, संशोधन, व्हिंटेज रॅली, तसेच इंधन आणि देखभाल यांसाठी गाडी रस्त्यावर आणण्याची मुभा. पाऊल स्वागतार्ह होते. पण व्याख्येत अट आली: चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

१७/ या दोन नियमांच्या फटीत काय सापडते पाहा. १९६० च्या दशकात शोलावरमला धावलेली, इंजिन बदललेली एखादी फियाट किंवा हेराल्ड आज कोणाच्या शेडमध्ये उभी असेल, तर रस्त्यासाठी ती नियमबाह्य आणि वारशासाठी अपात्र. तिला कायदेशीर करण्याचा सोपा मार्ग एकच उरतो: शर्यतीचे इंजिन काढून टाका, साधे बसवा. ज्या खुणांमुळे ती ऐतिहासिक होती, त्या खुणा पुसल्यावर तिला ‘ऐतिहासिक’ म्हणून नंबरप्लेट मिळणार!

१८/ यावर पहिला आक्षेप रास्त आहे. बदलाला प्रतिष्ठा दिली तर उद्या कोणीही दुर्मीळ गाडी कापून ‘हाही इतिहासच’ म्हणेल. म्हणूनच ‘त्या काळातला बदल’ आणि ‘आजचा बदल’ हा भेद महत्त्वाचा. एकाच मालकाकडे राहिलेली अस्पर्शित गाडी हा मूळ दस्तऐवज आहे. तिच्यावर करवत चालवणे म्हणजे जुन्या मोडी कागदावर नवी शाई फासणे. लाखोंनी बनलेल्या गाडीची गोष्ट निराळी. तेथेही काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत आणि बदल शक्यतो परत फिरवता येण्याजोगा असावा.

१९/ दुसरा आक्षेप आवाज, धूर आणि अपघातांचा. तोही खरा आहे. मात्र त्याचे उत्तर पोमोनाने ७० वर्षांपूर्वीच दिले. रस्त्यावर बंदी आणि मैदानाचा दरवाजा उघडा, या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. भारतात चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा येथे मोठे ट्रॅक आहेत. मुंबई-पुण्याच्या तरुणाला त्यांतील प्रत्येक ठिकाण शेकडो किलोमीटर दूर. मग मोकळा महामार्ग आणि मध्यरात्र त्याला जवळची वाटते. दंड आवश्यकच, पण नुसत्या दंडाने ही ओढ संपल्याचा दाखला या इतिहासात सापडत नाही.

२०/ तेव्हा मागणी तीन कलमांची असावी. एक: व्हिंटेज नियमांत ‘कालसुसंगत बदल झालेले वाहन’ असा उपवर्ग, छायाचित्रे, शर्यतींच्या नोंदी, जुनी बिले यांच्या पुराव्यावर. दोन: फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी सोपी नोंद, जी ट्रेलरवरून जाईल आणि तपासणीनंतरच धावेल. तीन: वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर, जेथे सुरक्षितता आणि आसपासच्या वस्तीची संमती असेल तेथे, नियमित ट्रॅक डे.

२१/ घाई करण्याचे कारणही आहे. २००० च्या आसपासच्या होंडा सिटी व्हीटेक, फियाट पालिओ १.६, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या गाड्यांवर आजची पिढी प्रयोग करते आहे. त्या २०५० नंतर ५० वर्षांच्या होतील. त्या आधीच्या पिढीतील, शोलावरमच्या काळातील मेकॅनिक आज वृद्ध आहेत. त्यांच्या मापांच्या वह्या रद्दीत जातात आणि हातांतले ज्ञान त्यांच्याबरोबर जाते. बखरी आणि कागदपत्रे वेळेवर न जपल्याची हळहळ महाराष्ट्राला नवी नाही.

२२/ इतिहासाच्या अभ्यासकाला येथे कामही आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. गावातल्या जुन्या गॅरेजमध्ये जावे. कोणत्या गाडीत काय बदलले, का बदलले, भाग कुठून आणला, हे विचारून ध्वनिमुद्रित करावे. भिंतीवरच्या छायाचित्राची प्रत घ्यावी, मागे तारीख लिहावी. नियम बदलतील तेव्हा गाडीचा कालसुसंगत बदल सिद्ध करायला हाच पुरावा मागितला जाईल. (समाप्त)