शजरा आणि हिशेब

पिंपळे सौदागरला आमच्या इमारतीत केरळचे एक सिरियन ख्रिस्ती कुटुंब राहते. तिथले आजोबा परवा मामूंना सांगत होते की, त्यांच्या बिशपांची परंपरा थेट येशूचे शिष्य संत थॉमस यांच्यापर्यंत जाते, थॉमस इ. स. ५२ मध्ये मलबारला उतरले, अशी त्यांची श्रद्धा. आजोबा गेल्यावर मामू हसले. "दोन हजार वर्षांची साखळी! कोणी पाहिली?"

मला हसू आले नाही. मामूंच्या बैठकीत चिश्तिया सिलसिल्याचा शजरा फ्रेम करून लावलेला आहे. त्यात हसन बसरींनी हजरत अलींकडून प्रत्यक्ष काही घेतले का, यावर खुद्द मुहद्दिसांतच मतभेद आहेत.

शिष्यांनी ज्यांच्या मस्तकावर हात ठेवला ते बिशप, त्यांनी पुढच्यांवर ठेवला, असा तो ख्रिस्ती क्रम. भांडणेही त्यावरच. पोप लिओ तेराव्यांनी १८९६ मध्ये अँग्लिकनांची साखळी तुटल्याचे जाहीर केले. केरळात ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट चर्चच्या ताब्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. निकाल २०१७ चा. आपल्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये तर बिशपच नव्हते. म्हणून काय रेव्हरंड टिळकांची भक्ती खोटी ठरली?

पण खरा प्रश्न चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत विचारला गेला. छळाच्या काळात भिऊन धर्मग्रंथ सरकारच्या हवाली करणाऱ्या बिशपने दिलेली दीक्षा चालते का? डोनाटसचे अनुयायी म्हणाले, नाही. चर्चने, पुढे संत ऑगस्टीनने, सांगितले, चालते. पाप माणसाचे, देणे ख्रिस्ताचे.

आपल्या मुहद्दिसांनी नेमके उलटे केले. एक रावी खोटारडा निघाला की ती सनद रद्द, मग बाकीचे कितीही थोर असोत. रावींची स्मरणशक्ती, सचोटी तपासण्यासाठी अस्मा-उर-रिजालचे अख्खे शास्त्र उभे राहिले. हे आपण छाती फुगवून सांगतो. मग दर्ग्याच्या गादीला ही कसोटी का नाही? तिथे बापामागून मुलगा बसतो आणि वक्फच्या जमिनीचा हिशेब मागितला की शजरा पुढे केला जातो. म्हणजे हदीसपुरते आपण मुहद्दिस, गादीपुरते ऑगस्टीनचे चेले. तेही अर्धेच! ऑगस्टीनने दीक्षा वाचवली, दुराचाऱ्याला पाठीशी घातले नाही. शिवाय कॅथलिक बिशप ब्रह्मचारी. गादी मुलाला देण्याचा प्रश्नच येत नाही.

मामूंना एवढेच विचारले, "तुमच्या शजऱ्यातले शेवटचे नाव ज्यांचे आहे, त्यांनी गेल्या वर्षीचे गाळ्यांचे भाडे कुठे भरले?"

मामू म्हणाले, "वहाबी झालास की काय?"