गोळी एकदम बंद करू नका!

चेहरा गोल झाला, पोट सुटले की घरचे म्हणतात, 'अंगाला लागलंय!' पण त्याच माणसाचे हातपाय काटकुळे होत असतील, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटले असतील, जरा लागले तरी काळेनिळे डाग पडत असतील, उकिडवे बसल्यावर उठवत नसेल, रक्तदाब आणि साखर वाढली असेल, तर हा कुशिंगचा आजार असू शकतो. अमेरिकेतील मेंदूचे शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली अशा एका तरुणीची नोंद केली. त्यांच्यावरूनच हे नाव पडले.

दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक छोटी ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य तयार करते. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी तिला हुकूम सोडते. आजारपणात तग धरायला कॉर्टिसॉल लागतेच. पण ते सतत जादा राहिले तर शरीर पोखरते. म्हणून जादा माल कुठून येतो, हे आधी शोधायचे आणि मगच उपाय करायचा. लघवी, लाळ व रक्ताच्या तपासण्या आणि गरजेप्रमाणे स्कॅन त्यासाठीच असतात.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे बाहेरून घेतलेले स्टेरॉइड. दमा, सांधेदुखी, त्वचारोग यांत डॉक्टर ते देतात आणि ते गुणकारीही आहे. पण गुडघेदुखीवर नाव नसलेल्या पुड्या महिनोन्‌महिने खाणारे आमच्या वस्तीत कमी नाहीत. अशा पुडीतही स्टेरॉइड असू शकते. येथे ऑपरेशन लागत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू उतरवतात. एकदम थांबवणे मात्र जिवावर बेतते, कारण बाहेरचा पुरवठा चालू असताना शरीराने स्वतःचे उत्पादन बंद केलेले असते.

पिट्यूटरीत गाठ असेल तर पहिला उपाय ऑपरेशन. डोक्याची कवटी उघडावी लागेल म्हणून लोक घाबरतात. पण बहुतेक वेळा ही गाठ नाकावाटे काढतात. मूत्रपिंडावरील ग्रंथीत गाठ असेल तर ती ग्रंथीच, बहुधा दुर्बिणीने, काढतात. क्वचित दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढाव्या लागतात. मग गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

ऑपरेशन शक्य नसेल किंवा आजार उलटला, तर औषधे आहेत. किटोकोनाझोल, मेटिरापोन, ओसिलोड्रोस्टॅट ही कॉर्टिसॉलचे उत्पादन रोखतात. कॅबरगोलिन आणि पॅसिरिओटाइड पिट्यूटरीच्या गाठीवर काम करतात. किटोकोनाझोलने यकृताला, तर पॅसिरिओटाइडने साखरेला त्रास होऊ शकतो. म्हणून तपासण्या चुकवू नयेत. किरणोपचारही आहेत, पण त्यांचा गुण यायला महिने, कधी वर्षे लागतात.

ऑपरेशन यशस्वी झाल्यावर माणूस उलट गळून जातो. भूक नाही, अंग दुखते, चक्कर येते. घरचे म्हणतात, ऑपरेशन फसले. तसे नसते. सुस्तावलेली ग्रंथी जागी व्हायला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर हायड्रोकॉर्टिसोनची गोळी हाच आधार. पैसे संपले, बरे वाटले किंवा कोणी सांगितले म्हणून ती बंद करू नये. ताप आल्यास डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उलटीने गोळी टिकत नसेल तर थेट दवाखाना गाठावा. तिथे इंजेक्शन लागते.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे. बाहेरगावच्यांनी जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे. जाताना घरातल्या सर्व गोळ्या, मलमे आणि पुड्या पिशवीत घालून न्या, आणि लाज न बाळगता डॉक्टरांपुढे ठेवा. निदानाची सुरुवात त्या पिशवीपासूनच होते.