कॉरोनर गेला, मृत्यूचे उत्तर कोण देणार?

विशेष प्रतिनिधी, मुंबई

घरातील माणूस अपघातात, आत्महत्येने किंवा अकस्मात दगावला की, शोक आवरून पोलीस ठाण्याची पायरी चढणे कुटुंबाच्या नशिबी येते. त्या वेळी नातेवाइकांचे प्रश्न साधे असतात. मृत्यू कशाने झाला? तो टाळता आला असता का? आणि हे आम्हाला कोण सांगणार? मुंबईत अशा मृत्यूंच्या चौकशीसाठी १९९९पर्यंत कॉरोनर हा स्वतंत्र अधिकारी होता. १८७१च्या कायद्यानुसार तो साक्षी नोंदवून मृत्यूचे कारण ठरवीत असे. हे पद रद्द झाल्यावर, राज्याच्या इतर भागांप्रमाणे, मुंबईतही ही जबाबदारी पोलिसांकडे आली. बदल प्रशासकीय होता. परंतु पोलिसांखेरीज अन्य कोणापुढे प्रश्न मांडण्याची कुटुंबाची जागा त्यात गेली.

पंचनाम्यापासून व्हिसेऱ्यापर्यंत

आज ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते. १ जुलै २०२४पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मृतदेहाचा पंचनामा करतात आणि जखमा व मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण नोंदवितात. हा अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जाणे नव्या संहितेत बंधनकारक आहे.

पोलिसांनी शवविच्छेदनाचा निर्णय घेतल्यास त्यासाठी नातेवाइकांची संमती लागत नाही. सूर्यास्तानंतरही ते करण्यास केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुभा दिली. मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले मृतदेह आणि घातपाताचा संशय ही प्रकरणे त्यातून सर्वसाधारणपणे वगळली आहेत. म्हणजे ज्या कुटुंबांच्या मनात सर्वाधिक प्रश्न असतात, त्यांनाच बहुधा सकाळची वाट पाहावी लागते.

अनेकदा शवविच्छेदनानंतर डॉक्टर कारण ‘राखून ठेवतात’. विषप्रयोगाची शक्यता असल्यास व्हिसेरा न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो आणि अंतिम मत तो अहवाल आल्यावरच मिळते. मृतदेह ताब्यात मिळतो, अंत्यसंस्कार उरकतात. विम्याचा दावा आणि नुकसानभरपाई मात्र त्या एका कागदावर अडून राहते.

चौकशीची मर्यादा

येथे नातेवाइकांचा मोठा गैरसमज असतो. ही चौकशी दोषी कोण हे ठरविण्यासाठी नसते. मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्येचा की घातपाताचा, एवढेच सकृद्दर्शनी पाहणे हा पंचनाम्याचा हेतू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

ही मर्यादा केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंड आणि वेल्समधील कॉरोनरलाही २००९च्या कायद्यानुसार कोणाचे फौजदारी वा दिवाणी दायित्व ठरविता येत नाही. मृत व्यक्ती कोण, मृत्यू केव्हा, कोठे व कसा झाला, एवढेच तो शोधतो. फरक आहे तो पद्धतीत. तेथे सुनावणी उघडपणे होते, नातेवाइकांना साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात. पुढील मृत्यू टाळण्यासाठी उपाय आवश्यक वाटल्यास कॉरोनरला संबंधित यंत्रणेस तसे कळवावेच लागते आणि त्या यंत्रणेने ५६ दिवसांत उत्तर द्यायचे असते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी तरतूद आहे ती कोठडीतील मृत्यूंसाठी. कलम १९६ नुसार तेथे न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची असते. शक्य असेल तेथे आई-वडील, मुले, भावंडे व पती किंवा पत्नी यांना कळवून चौकशीला हजर राहू द्यायचे असते. रस्त्यावर, कारखान्यात किंवा रुग्णालयात दगावलेल्याच्या कुटुंबाला सहसा एवढेही मिळत नाही.

कुटुंबाच्या हाती काय?

अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक आणि चौकशी अधिकाऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. संशय असल्यास तो तोंडी न सांगता लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. पंचनामा व शवविच्छेदन अहवालाच्या प्रतींसाठी अर्ज करावा. तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्रथम खबरी अहवाल नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला. तरीही नकार मिळाल्यास वरिष्ठ पोलीस अधिकारी आणि त्यानंतर दंडाधिकारी, असा मार्ग आहे.

गुन्हा नोंदविला गेल्यास तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळविणे नव्या संहितेने सक्तीचे केले आहे. अकस्मात मृत्यूच्या चौकशीला मात्र हे बंधन नाही. कॉरोनरचे पद पुन्हा आणावे की नाही, हा वादाचा विषय होऊ शकेल. परंतु चौकशी कोठवर आली आणि कोणत्या कारणाने बंद झाली, हे कुटुंबाला ठरावीक मुदतीत लेखी कळविण्यासाठी नव्या पदाची गरज नाही. गृह विभागाने मनावर घेतले, तर एक परिपत्रकही पुरेसे ठरेल.