दिवेवाला भुंगेरा आणि उसातली हुमणी



मागच्या पावसाळ्यात एक आबा काडेपेटी घेऊन माझ्याकडे आले. आत लांबट, तपकिरी भुंगेरा होता. उताणा ठेवला की 'टक्' आवाज करून हातभर उडे आणि पायांवर पडे. "साहेब, उसात सापडला. कोणतं औषध मारू?"

मी म्हटलं, "आबा, मारण्याआधी ओळख तर करून घेऊ."

या भुंगेऱ्याच्या छातीखाली एक काटा असतो. तो खाचेत सटकला की झटका बसतो आणि किडा उडतो. याच कुळातली पायरोफोरस ही प्रजाती मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळते. तिच्या मानेमागे दोन कोपऱ्यांत दोन हिरवट दिवे असतात. तिसरा पोटाखाली, तो उडताना दिसतो. आपला काजवा लुकलुकतो, हे दिवे मात्र सलग तेवतात. क्युबात लोक या किड्यांना उसाचे तुकडे घालून पिंजऱ्यात ठेवत आणि बायका सणाला केसांत माळत. राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली याच किड्यावर प्रयोग करून दाखवले, की हा उजेड दोन द्रव्यांच्या संयोगाने होतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. पोर्टो रिको बेटावर अशाच एका दिवेवाल्या भुंगेऱ्याला 'कुकुबानो' म्हणतात. पूर्वी तो पायरोफोरसमध्ये मोडे, आता शास्त्रज्ञ त्याला जवळच्या दुसऱ्या प्रजातीत धरतात. त्याची अळी मातीत राहते आणि उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीला खाते. म्हणजे तिथल्या ऊसवाल्याचा तो बिनपगारी राखणदार!

पण याच कुळातल्या कित्येक भुंगेऱ्यांच्या अळ्या तारेसारख्या कडक, पिवळसर असतात आणि त्या बटाटा, मका यांची मुळं-कंद कुरतडतात. एकाच घरात चोरही आणि राखणदारही. वरून पाहून निवाडा कसा करणार?

म्हणून उसाचं बेट पिवळं पडलं, की आधी कुदळीने खणून पाहा. पांढरी, जाड, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकडी अळी दिसली, तर ती हुमणी. दुसरी सरळ अळी सापडली, तर ओल्या मातीच्या डब्यात हुमणीसोबत ठेवा आणि दोन दिवसांनी बघा, कोण कोणाला खातं. शंका असेल, तर डबा गावच्या कृषी कर्मचाऱ्याला दाखवा.

हुमणीवर खरा उपाय पहिल्या वळवानंतरचा. संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर तिचे भुंगेरे जमतात. झाड हलवून ते वेचा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे काम साऱ्या गावाने एकाच वेळी केलं तरच फळ. सरसकट जमिनीत विष ओतलं, तर चोराबरोबर राखणदारही मरतो, आणि पुढच्या वर्षी राखण तुम्हालाच करावी लागते.

आबांनी काडेपेटी उघडून भुंगेरा बांधावर सोडला. "आधी खणून बघतो," म्हणाले. एवढंच तुम्हीही करा.