निकालाच्या टक्केवारीचा छेद

दक्षिण आफ्रिकेत दहावी ते बारावी या इयत्तांत गणिताचा एखादा तरी प्रकार घ्यावाच लागतो. ज्यांना बीजगणित-भूमितीचे गणित नको किंवा झेपत नाही, त्यांच्यासाठी ‘गणिती साक्षरता’ हा विषय २००६ साली दहावीत सुरू झाला आणि २००८ मध्ये तो बारावीच्या, म्हणजे तिथल्या मॅट्रिकच्या, परीक्षेत पहिल्यांदा आला. त्याआधी गणिताला हात न लावता मॅट्रिक होता येत असे. अर्थव्यवहार, मोजमाप, नकाशे व आराखडे, माहितीची हाताळणी आणि संभाव्यता हे या विषयाचे घटक. त्यात सिद्धता नाहीत, म्हणून तो पातळ केलेले गणित ठरला. जोनाथन जान्सन यांच्यासारख्या नामवंत शिक्षणतज्ज्ञांनीही त्यावर टीका केली.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा: बेरीज, गुणाकार आणि टक्केवारी ही सातवीपर्यंतची कामे, ती बारावीत करून घेणे म्हणजे वेळ दवडणे. हा आक्षेप टिकत नाही. टक्केवारी काढणे सोपे असते, ती कशाची काढायची हे ठरवणे सोपे नसते. मॅट्रिकच्या निकालाचेच उदाहरण पाहावे. २०२३ मध्ये ६,९१,१६० मुलांनी परीक्षा दिली आणि ५,७२,९८३ उत्तीर्ण झाली, निकाल ८२.९ टक्के. भागाकार बिनचूक आहे. पण हीच मुले २०१२ च्या सुमारास पहिलीत होती, तेव्हा पहिलीचा पट सुमारे १२ लाख होता. तो छेद घेतला की निकाल ४८ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि सरकारवर तुटून पडणारे हाच आकडा ‘खरा निकाल’ म्हणून पुढे करतात.

तोही खरा नाही. तिथल्या पहिलीच्या पटात त्याच वर्गात पुन्हा बसलेली मुले बरीच असतात, त्यामुळे पट फुगतो. एका वयाची मुले साधारण १० लाखांच्या घरात धरली, तर प्रमाण ५७ टक्क्यांपर्यंत चढते. मागे राहून पुढच्या वर्षी उत्तीर्ण होणाऱ्यांना मोजले, तर आणखी वर जाते. अंश एकच, छेद तीन, आणि तिन्ही उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले हा एक प्रश्न. एका पिढीतल्या किती जणांच्या हाती मॅट्रिकचे प्रमाणपत्र आले हा दुसरा. हा फरक ओळखण्यासाठी लागणारी बुद्धी सातवीची नव्हे. या विषयाच्या मूल्यमापनात सर्वांत वरची पातळी तर्क आणि चिंतन यांची आहे, आणि तिची खरी जागा इथेच आहे.

२०२४ मध्ये निकाल ८७.३ टक्क्यांवर गेला. वाढ ४.४ टक्के म्हणणे चूक; अंतर ४.४ अंकांचे आहे, मूळ ८२.९ च्या तुलनेत वाढ सुमारे ५.३ टक्के.

पैशाच्या आकड्यांत फसगत जास्त होते, कारण तिथे रक्कम नेहमी वाढलेलीच दिसते. दक्षिण आफ्रिकेत शाळांची पाच गटांत विभागणी आहे. सर्वांत गरीब वस्त्यांतल्या पहिल्या तीन गटांतील शाळा फी घेत नाहीत. पगार सोडून वह्यापुस्तके, वीज, किरकोळ डागडुजी अशा खर्चासाठी या शाळांना दर विद्यार्थ्यामागे २०२३ मध्ये १,६०२ रँड ठरले होते, २०२४ मध्ये १,६७२. आठशे पटाच्या शाळेचा हिशेब मांडला तर १२,८१,६०० चे १३,३७,६०० होतात. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ५६,००० रँड जादा दिसतात. परंतु २०२४ मध्ये महागाईचा सरासरी दर ४.४ टक्के होता. आदल्या वर्षी जेवढ्या वस्तू आल्या तेवढ्याच आणायला १३,३७,९९० रँड हवेत. म्हणजे वाढ मिळूनही शाळा ३९० रँडनी मागेच. त्यातही ठरलेली रक्कम पूर्ण हाती पडेल याची खात्री नाही. क्वाझुलू-नाताल प्रांतात ती अपुरीच मिळत आली आहे. चक्रवाढ व्याज आणि बँकेचे शुल्क शिकवणाऱ्या धड्यात हा हिशेब सहज बसतो, आणि तो मुलांच्या स्वतःच्या शाळेचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. निकाल चांगला दिसावा म्हणून काही शाळा गणितात डगमगणाऱ्या मुलांना गणिती साक्षरतेकडे वळवतात आणि अभियांत्रिकीसारखी दारे त्यांना कायमची बंद होतात. हे घडते आणि ते अन्यायाचे आहे. त्याची झळ गरीब मुलांनाच जास्त लागते. मात्र दोष वळवणाऱ्यांचा आहे, विषयाचा नव्हे. उलट हा प्रकार उघडा पाडायलाही हीच साक्षरता लागते. २०२३ ते २०२४ या एका वर्षात गणिताचा निकाल ६३.५ वरून ६९.१ टक्क्यांवर गेला, आणि गणिताला बसणाऱ्यांची संख्या मात्र घटली. टक्केवारी सुधारली म्हणून शिकवणे सुधारले, की कच्ची मुले आधीच गाळली गेली? नुसत्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. परीक्षार्थींचा आकडा शेजारी ठेवावाच लागतो.

सरकारच्या आकड्यांची अशी छाननी वर्गात करणे म्हणजे राजकारण, असेही म्हटले जाते. वरचे उदाहरणच त्याला उत्तर आहे: त्या छाननीत सरकारचे ८२.९ अपुरे ठरले आणि विरोधकांचे ४८ सुद्धा. अडचण आहे ती प्रश्नपत्रिकेच्या घडणीची. बहुतेक प्रश्नांत छेद आधीच दिलेला असतो आणि मुलाने फक्त भागाकार करायचा असतो. त्याऐवजी पट, परीक्षार्थी आणि उत्तीर्ण हे तिन्ही आकडे द्यावेत, एक सरकारी विधान आणि एक विरोधी विधान द्यावे, आणि कोणत्या विधानाने कोणता छेद वापरला व तो त्याच्या दाव्याला पुरतो का, हे कारणांसह लिहायला सांगावे. गुण भागाकाराला कमी, कारणांना जास्त.