खिडकी बंद करू नका, बदला!



आपल्यापैकी बहुतेकांकडे एमएससीआयटीचं प्रमाणपत्र आहे. हा अभ्यासक्रम 2001 साली सुरू झाला. तरीही संगणकावर एका खिडकीतून दुसरीत जाताना आपण अजून अडखळतो. माझं स्पष्ट मत आहे, हे कौशल्य पेंटमधल्या चित्राच्याही आधी शिकवायला हवं.

माझाच अनुभव सांगते. विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरत होते. एका खिडकीत एक्सेलची यादी, दुसरीत फॉर्म. मी दर वेळी यादी बंद करायचे, फॉर्म भरायचे, परत यादी उघडायचे. त्या धांदलीत एक ओळ चुकली आणि एका मुलीच्या नावापुढे खालच्या मुलाची जन्मतारीख पडली. दुरुस्तीसाठी तिच्या आईला विरारहून वसईला दोन खेपा माराव्या लागल्या. दोन दिवसांची मजुरी बुडाली. चूक माझी, भुर्दंड तिला!

उपाय किती सोपा होता बघा. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून धरायचं, टॅब एकदा दाबायचं आणि दोन्ही सोडायचं. आधीची खिडकी समोर येते. पुन्हा तेच केलं की पहिली परत. दोनपेक्षा जास्त खिडक्या असतील तर ऑल्ट न सोडता टॅब दाबत राहा. हवी ती आली की सोडा. दोन्ही एकाच वेळी बघायच्या असतील तर विंडोजची कळ आणि डावा बाण दाबा, खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते. दुसरी उजव्या बाणाने शेजारी लावा.

1985 च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या शेजारी-शेजारीच मांडल्या जायच्या. एकीवर दुसरी ठेवायची सोय 1987 मध्ये आली. गोंधळ इथेच होतो. झाकलेली खिडकी बंद झालेली नसते, ती मागे उघडीच असते. एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

काही जण म्हणतील, मोबाइलच्या जमान्यात हे कशाला? अहो, मोबाइलवर बहुधा एका वेळी एकच गोष्ट पूर्ण पडदा व्यापते. दोन गोष्टी ताडून बघणं संगणकावरच नीट जमतं, आणि नोकरीत तेच लागतं.

मुलांना सांगताना फळा आणि वही आठवा. फळ्यावर बघायचं, वहीत लिहायचं. मूल वही मिटून फळा बघतं का? शाळेत एकच संगणक असला तरी जोड्या लावा. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने खिडकी बदलून लिहायचं.

उद्याच्या तासाला दहा मिनिटं द्या. कुणाच्या तरी आईची एक खेप वाचेल.