काट्यावर शिक्का असतो, सॉफ्टवेअरवर कुणाचा?

तालुक्याच्या गावात आमच्या अब्बांचं किराणा दुकान होतं. दरवर्षी वजनकाटा घेऊन वजनमापे निरीक्षकांकडे जावं लागायचं. तपासणी झाली की शिक्का मिळायचा आणि प्रमाणपत्र दुकानात लावावं लागायचं. मला ती कटकट वाटायची. आमचा काटा खरा होता, मग हे हेलपाटे कशाला? अब्बा म्हणायचे, "काटा खरा आहे हे मला माहीत आहे. गिऱ्हाइकाला कसं कळणार? शिक्का त्याच्यासाठी असतो."

आज मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कुणी किती पैसे भरले, कुणाकडे किती बाकी आहे, हे आता आम्ही लिहिलेला कोड ठरवतो. म्हणजे काटा आता आमच्या हातात आहे. त्यावर शिक्का मात्र कुणाचाच नाही. शिक्का नसला की काय होतं, ते ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने दाखवून दिलं आहे.

ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं सब-पोस्टमास्तर चालवतात. ते पगारी नोकर नसतात. करारावर काम करतात, अनेकदा स्वतःच्या दुकानातच काउंटर थाटतात. यात भारतीय आणि पाकिस्तानी वंशाची कुटुंबंही बरीच. १९९९ पासून या काउंटरवर 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आली. ती फुजित्सूच्या मालकीच्या कंपनीने बनवली होती. हिशेबात तूट आली तर ती पोस्टमास्तरने खिशातून भरायची, असा पोस्ट ऑफिसचा नियम होता.

आणि तूट येऊ लागली. कुणी घर गहाण टाकलं, कुणी नातेवाइकांकडून उसने घेतले. मदतीच्या फोनवर अनेकांना एकच उत्तर मिळालं: असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. यातले बहुतेक खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले होते. तक्रारदार तेच, तपास करणारे तेच आणि खटला भरणारेही तेच. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या पोस्टमास्तरला २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं.

चोरी झालीच नव्हती. दोष प्रणालीत होते. त्यातला एक मला इंजिनियर म्हणून झोपू देत नाही. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन इथे ८,००० पौंडांची नोंद करताना स्क्रीन अडकली. आपण सगळे करतो तेच तिथे झालं. पुन्हा पुन्हा एंटर दाबलं गेलं. प्रणालीने तीच रक्कम चार वेळा नोंदवली आणि हिशेबात २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. एकच व्यवहार दोनदा मोजला जाऊ नये, हे तर आमच्या कामातलं अगदी सुरुवातीचं पथ्य आहे.

चूक कुणाच्याही हातून होते, माझ्याही होते. पण इथे संस्थांनी जे केलं त्याला चूक म्हणता येणार नाही. फुजित्सूकडे माहीत असलेल्या दोषांची नोंद होती. त्यांचे कर्मचारी दुरून शाखांच्या हिशेबात नोंदी घालू शकत होते, आणि पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं हे नाकारत राहिलं. त्यात कायद्यानेही पाठ फिरवली. संगणक नीट चालत होता हे आधी सिद्ध करा, अशी अट ब्रिटनच्या १९८४ च्या कायद्यात होती. १९९९ च्या कायद्याने ती काढली. तेव्हापासून यंत्र बरोबरच आहे असं कोर्ट गृहीत धरू लागलं. शंका असेल तर आरोपीने पुरावा आणायचा. आणि पुरावा कुणाच्या कपाटात? आरोप करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या कंत्राटदाराच्या.

ॲलन बेट्स या वेल्समधल्या पोस्टमास्तरचा करार २००३ मध्ये रद्द झाला होता. त्यांनी इतरांना शोधून काढलं, संघटना उभी केली आणि ५५५ जणांसह दावा लावला. २०१९ मध्ये पोस्ट ऑफिसने ५ कोटी ७७ लाख पौंडांवर तडजोड केली. त्यातला बहुतेक पैसा खटल्याच्या खर्चात गेला. २०२१ मध्ये अपील कोर्टाने सीमा मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द केली. उरलेल्या शेकडो जणांसाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी आयुष्य संपवलं असावं, असं सार्वजनिक चौकशीच्या जुलै २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे.

या सगळ्या वर्षांत मोजलं काय जात होतं? वसूल झालेली तूट, वाचलेला खर्च, टिकलेलं कंत्राट. एखाद्या पोस्टमास्तरचं घर वाचलं का, हे मोजणारा रकाना कुठल्याच अहवालात नव्हता. पोस्ट ऑफिसच्या तेव्हाच्या मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांना २०१९ मध्ये सरकारी सन्मान मिळाला. पुढे २०२४ मध्ये जनतेचा संताप उसळल्यावर त्यांनी तो परत केला. २०२३ मध्ये तर असं उघड झालं की याच प्रकरणाच्या चौकशीला सहकार्य केल्याबद्दल वरिष्ठांना बोनस दिला गेला होता. सत्य सांगण्याचाही बोनस! ज्याचा आकडा तिमाही अहवालात दिसतो त्यालाच किंमत, अशी व्यवस्था झाली की असंच होतं.

पण ब्रिटनला नावं ठेवून मी सुटणार नाही. माझ्या पहिल्या नोकरीत आमची कंपनी बिल भरणा केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. मराठवाड्यातल्या एका केंद्रचालकाचा फोन आला. "साहेब, नेट गेलं आणि पैसे दोनदा कापले. ४,३०० रुपये मी घरातून भरलेत." मी लॉग वरवर पाहिला, तक्रारीवर 'वापरकर्त्याची चूक' असा शेरा मारला आणि ती बंद केली. दोन महिन्यांनी दुसरं काम करताना तो दोष मला सापडला. आमचाच होता. पुढच्या आवृत्तीत आम्ही गुपचूप दुरुस्ती केली. त्या माणसाला कुणीही फोन केला नाही. मीसुद्धा नाही. अप्रेझल तोंडावर होतं. बंद केलेल्या तक्रारींची संख्या त्यात धरली जायची, परत केलेल्या पैशांची नाही.

पगार मात्र माझ्या खात्यात वेळेवर जमा झाला.

मित्रांनो, आपल्यातली कितीतरी मुलं-मुली आज आयटीत आहेत. होमलोनचं व्याज चालतं का, चॉकलेटमध्ये जिलेटिन आहे का, यावर आपण तासन्‌तास बोलतो. बोलायलाही हवं. पण आपण दिवसाचे नऊ तास जे बनवतो, त्याचं माप खरं आहे का, हे एकमेकांना कधी विचारतो? मापात खोट करणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक अख्खी सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. लहानपणी मला वाटायचं की ती दुकानदारांसाठी आहे. आता वाटतं, ती माझ्यासाठीही आहे.

कंपनीत आपला शब्द चालत नाही, हे मला मान्य आहे. घरचे हप्ते असतात, आणि नाव मुसलमानाचं असलं की 'कटकट्या' हा शिक्का लवकर बसतो, हेही खरं. तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत. तपासल्याशिवाय 'वापरकर्त्याची चूक' लिहायचं नाही. दोष सापडला की आधी कुणाकुणाचे पैसे गेले त्याची यादी काढायची आणि ती लेखी, ईमेलवर, वरिष्ठांना पाठवायची. प्रत्येक डिझाइन बैठकीत एक प्रश्न विचारायचा: हे चुकलं तर खिशातून कोण भरणार?

आणि नागरिक म्हणून मागणी करायची. ज्या सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून एखाद्याकडून वसुली होते किंवा गुन्हा दाखल होतो, त्याची तपासणी बाहेरच्या, स्वतंत्र यंत्रणेने करावी. ज्याच्यावर आरोप आहे त्याला मूळ नोंदी पाहायला मिळाव्यात. वाद मिटेपर्यंत वसुली थांबावी. पाव किलो साखर मोजणाऱ्या काट्याला आपण एवढं करायला लावतोच.

त्या केंद्रचालकाचा नंबर माझ्याकडे नाही. त्या कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला मी गेल्या आठवड्यात तो शोधायला सांगितला आहे. पैसे तर मी देईनच. पण आधी त्याला सांगायचं आहे की चूक त्याची नव्हती.